घराचा पसारा, मनाचा पसारा



आगमनकाळ जवळ आला की आपल्या वसईतल्या घराघरांत एकच गडबड सुरू होते. माळ्यावरच्या वस्तू खाली येतात, जळमटे काढली जातात, पडदे धुतले जातात, भिंतींना रंग लागतो. गोठ्याच्या मूर्तींचे खोके गेल्या वर्षी नेमके कुठे ठेवले होते याची शोधाशोध होते. ही आपली जुनी, चांगली रीत आहे. पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरायलाच हवे, आणि इथे तर येणारा पाहुणा साक्षात येशूबाळ आहे!

पण एक गोष्ट आपण सर्वांनी अनुभवली असेल. याच दिवसांत घरात सर्वांत जास्त आवाज चढतात. "सकाळपासून मी एकटीच राबतेय." "या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!" "तुझ्या वह्या उचल, नाहीतर रद्दीत देईन." शेवटी नाताळच्या आदल्या संध्याकाळी घर चकचकीत होते, पण घरातली माणसे मात्र एकमेकांवर रुसलेली असतात. मिस्साला एकाच बाकावर बसतात, पण शांतीचे अभिवादन करताना एकमेकांकडे बघत नाहीत.

असे का होते? घर नीटनेटके असण्याचा आणि मनाच्या अवस्थेचा काय संबंध आहे? घर आवरले की मन आवरले जाते का? की मन ठिकाणावर असेल तरच घर आवरले जाते? या विषयावर आज आपण थोडा विचार करू या.

एक घरचा अनुभव

सुरुवात मी माझ्याच घरापासून करतो. मी शाळेत शिक्षक होतो. तीस वर्षे मुलांना नीटनेटकेपणा शिकवला. वह्यांना कव्हर, समास आखलेला, बाकाखाली कागदाचा कपटा दिसता कामा नये! घरी तर मला काही सांगावेच लागत नसे. माझी पत्नी माझ्यापेक्षा टापटिपीची. रात्री भांडी घासून ओटा पुसल्याशिवाय ती कधी झोपली नाही.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात तिची आई वारली. वय झाले होते, आजारपण लांबले होते. अंत्यविधी झाला, महिन्याची मिस्सा झाली, लोकांचे येणेजाणे थांबले. ऑक्टोबर येईपर्यंत आमच्या घराचे रूप बदलले होते. वाळलेले कपडे खुर्चीवर तसेच पडून राहू लागले. सकाळची भांडी दुपारपर्यंत मोरीत. टेबलावर औषधांच्या पट्ट्या, विजेची बिले, देवळातून आणलेली पत्रके यांचा ढीग. वेदीवरच्या फुलदाणीत आठवडाभर सुकलेली फुले.

मला राग येऊ लागला. एक दिवस मी बोलून गेलो, "घराची अगदी धर्मशाळा करून टाकलीस." ती काही बोलली नाही. फडका घेऊन टेबल पुसू लागली. एकच जागा ती बराच वेळ पुसत राहिली. मी ते पाहिले आणि वर्तमानपत्र वाचायला बसलो.

नंतर आमची लग्न झालेली मुलगी दोन दिवस राहायला आली. तिने पसाऱ्याला हात लावला नाही. आईजवळ पलंगावर बसली, तिचे केस विंचरायला घेतले आणि विचारले, "मम्मी, रात्री झोप लागते का गं?" एवढ्या एका प्रश्नावर माझी पत्नी ओक्साबोक्शी रडली. कित्येक आठवडे ती पहाटे तीनला जागी होत होती आणि छताकडे पाहत पडून राहत होती. एकाच खोलीत झोपूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

मुलीनेच तिला आमच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले नैराश्याचे. औषधे आणि समुपदेशन कित्येक महिने चालले. आज ती बरी आहे. हे सारे मी तिच्या परवानगीने लिहीत आहे. "लिहा, पण लोकांना माझी कीव येईल असं लिहू नका," असे तिने बजावले आहे. कीव करायचीच असेल तर ती माझी करावी. तीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या, पण माझ्याच घरातली एवढी ठळक खूण मला वाचता आली नाही.

घर मनाशी बोलते, मन घराशी बोलते

त्यानंतर या विषयावर जे हाती लागले ते मी वाचत गेलो. शास्त्रज्ञांनीही याचा अभ्यास केला आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील संशोधक डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात अशा कुटुंबांतील ६० जणांना त्यांनी स्वतःचे घर फिरवून दाखवायला सांगितले. दाखवता दाखवता ते जे बोलले, त्यातले शब्द मोजले. कोणी पसारा, अर्धवट राहिलेली कामे यांबद्दल जास्त बोलले. कोणी विसावा, अंगण, झाडे यांबद्दल बोलले. मग पुढचे तीन दिवस त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल या रसायनाची पातळी पाहिली. आपल्या शरीरात कॉर्टिसोल सकाळी जास्त असते आणि दिवसभरात उतरत जाते. ज्या पत्नींनी आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अपुरी कामे या शब्दांत जास्त केले होते, त्यांच्यात हा उतार कमी दिसला. दिवस सरेल तशी त्यांची उदासीही वाढत गेलेली आढळली.

दुसरा अभ्यास प्रिन्स्टन विद्यापीठातील, २०११ सालचा. आपल्या नजरेसमोर एकाच वेळी अनेक वस्तू असल्या की मेंदूत लक्ष वेधून घेण्यासाठी त्यांची एकमेकींशी स्पर्धा चालते, हे त्यात तपासले आहे. ढिगाने भरलेल्या टेबलापाशी बसून मुलाचे अभ्यासात लक्ष का लागत नाही, याचा अंदाज यावरून येतो. शिवाय पडलेली प्रत्येक वस्तू आपल्याला काहीतरी सांगत असते. "मला घडी घाल." "मला भर, शेवटची तारीख उलटून जाईल." "मला शिव, बटण तुटले आहे." दिवसभर कामावरून थकून आलेल्या माणसाला घरात पाऊल टाकताच हे सगळे आवाज एकदम ऐकू येतात.

पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हा विषय घेतला आहे. आपल्या भोवतीचे वातावरण गोंधळाचे, गोंगाटाचे आणि कुरूप असेल तर माणसाला आतून एकसंध आणि सुखी राहणे कठीण जाते, असे त्यांनी १४७व्या परिच्छेदात म्हटले आहे. पुढच्याच परिच्छेदात ते गरिबांचे कौतुक करतात. बाहेरून पडक्या दिसणाऱ्या वस्तीतही अनेक जण आपले घर आतून जिवापाड जपतात, याची ते आठवण करून देतात.

म्हणजे घराचा मनावर परिणाम होतो, हे खरे. पण इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात पसारा आणि उदासी एकत्र आढळली. आधी कोण आले, हे त्यातून ठरत नाही. पसाऱ्यामुळे मन खचते, तसेच मन खचल्यामुळे पसारा वाढतो. माझ्या घरी दुसरी गोष्ट घडत होती, आणि मी मात्र पहिलीच धरून बसलो होतो.

प्रत्येक पसारा सारखा नसतो

आपण दुसऱ्याच्या घरी जातो तेव्हा दोन मिनिटांत निकाल देतो. "बाई आळशी दिसते." पण पसाऱ्याची कारणे निरनिराळी असतात.

एक पसारा जिवंत घराचा असतो. लहान मुले आहेत, खेळणी पसरली आहेत, भिंतीवर खडूच्या रेघा आहेत. काही वर्षांनी मुले परगावी गेली की याच पसाऱ्याची आठवण काढून आईवडील डोळे पुसतात. या पसाऱ्याची चिंता करू नये.

दुसरा पसारा थकव्याचा असतो. पहाटे साडेचारला उठून डबे करणारी आणि विरार लोकलच्या गर्दीतून रात्री आठला घरी परतणारी बाई घर कधी आवरणार? तिला उपदेश नको, मदतीचे दोन हात हवेत.

तिसरा पसारा जागेच्या टंचाईचा. वाडीतले ऐसपैस घर गेले. त्यातल्या पेटाऱ्या, पितळेची भांडी, गोधड्या आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आल्या. वस्तू तेवढ्याच, पण माळा नाही, पडवी नाही. आजी-आजोबा एक वस्तू टाकू देत नाहीत आणि सुनेला पाय ठेवायला जागा उरत नाही. दोघांचेही चुकत नसते. आजीसाठी ते भांडे म्हणजे तिचे माहेर असते.

चौथा पसारा दुःखाचा किंवा आजाराचा. पूर्वी नीटनेटके असलेले घर काही महिन्यांत बदलले असेल, तर ती खूण गांभीर्याने घ्यावी. सतत दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणे, कशातही गोडी न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, साध्या कामाचाही डोंगर वाटणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. अशा माणसाला "ऊठ, काम कर म्हणजे बरे वाटेल" असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावायला सांगण्यासारखे आहे. काही जणांना वस्तू टाकणे अशक्यच होते. घरात चालायला वाट उरत नाही इतका साठा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत याची स्वतंत्र मानसिक आजार म्हणून नोंद आहे. अशा माणसाच्या गैरहजेरीत त्याचे सामान भंगारवाल्याला देऊन टाकल्याने प्रश्न सुटत नाही. त्याचा घरच्यांवरचा विश्वास मात्र उडतो.

अति नीटनेटकेपणाचेही तसेच

आता नाण्याची दुसरी बाजू. काही घरे इतकी स्वच्छ असतात की तिथे बसायलाही भीती वाटते. सोफ्यावरचे प्लॅस्टिक काढलेले नसते. पाहुणा उठला की लगेच उशी सरळ केली जाते. मुलांनी मित्रांना घरी आणायचे नाही, कारण फरशीवर पाय उमटतील. बाहेरून सारे आदर्श, पण आतल्या माणसांचा श्वास कोंडलेला!

अशा वेळी स्वतःला विचारावे : मी घर आवरते आहे, की माझी भीती आवरते आहे? आयुष्यात पुष्कळ गोष्टी आपल्या हाताबाहेर असतात. नवऱ्याचे पिणे, मुलाची गेलेली नोकरी, डॉक्टरांच्या तपासणीचा अहवाल. त्या गोष्टी ठीक करता येत नाहीत म्हणून माणूस कपाट ठीक करत बसतो. थोडा वेळ त्याने बरे वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. पण भांड्याची जागा चुकली म्हणून लेकराला मार बसत असेल, तर दुखणे भांड्यात नाही. तेच ते पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय चैन पडत नसेल, त्यात रोजचे तास जात असतील, तर तोही उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो.

शुभवर्तमानातील तीन घरे

संत लूकच्या शुभवर्तमानात एकापाठोपाठ तीन घरे भेटतात. त्यांच्याकडे या नजरेने पाहिले तर खूप काही शिकायला मिळते.

पहिले घर मार्था आणि मरियेचे (लूक १०:३८-४२). मार्था राबते आहे, मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकते आहे. हा उतारा वाचून घरकाम करणाऱ्या आपल्या अनेक भगिनींना थोडे दुखावल्यासारखे वाटते. "मग जेवण कोण करणार?" असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. पण नीट वाचले तर येशू मार्थेच्या कामाला नावे ठेवत नाही. तिच्या मनाची जी ओढाताण चालली आहे, तिच्याकडे तो लक्ष वेधतो. तो तिला नावाने, दोनदा हाक मारतो. ओट्यावरच्या भांड्यांआधी त्याला तिचा त्रासलेला चेहरा दिसला.

दुसरे घर रिकामे आहे (लूक ११:२४-२६). माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, तेव्हा त्याला ते घर झाडलेले आणि सजवलेले आढळते. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात सोबती घेऊन तिथे राहायला येतो. केवढा मोठा इशारा आहे हा! घर झाडलेले होते, सजवलेले होते, पण त्यात कोणी राहत नव्हते. ज्या घरात प्रेमाचा शब्द नाही, एकत्र जेवण नाही, एकत्र रोझरी नाही, ते कितीही लखलखीत असले तरी रिकामेच. तिथे अबोला, संशय आणि चिडचिड राहायला येतात.

तिसरे घर त्या बाईचे, जिचे दहापैकी एक नाणे हरवले आहे (लूक १५:८-१०). ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधत राहते. सापडल्यावर एकटी आनंद करत नाही, शेजारणींना बोलावते. तिच्या हातात केरसुणी आहे, पण तिचा जीव हरवलेल्या नाण्यात आहे. झाडताना ती प्रत्येक कोपऱ्यात वाकून पाहते.

मला वाटते, आपल्या नाताळच्या साफसफाईसाठी हीच बाई आपली गुरू. आपल्याही घरात कोणीतरी एक हरवलेले असू शकते. हरवलेले म्हणजे घर सोडून गेलेले नव्हे. नाणेसुद्धा घरातच हरवले होते! खोलीचे दार लावून बसणारा तरुण मुलगा, जेवता जेवता गप्प होणारे वडील, कोपऱ्यातल्या खाटेवरची आजी, एकच जागा पुसत राहणारी पत्नी. झाडू हातात घेण्यापूर्वी दिवा लावून त्यांच्याकडे पाहावे.

संत बेनेडिक्टची शिकवण

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात भांडीकुंडी, अवजारे, स्वयंपाकघर यांच्यावरही प्रकरणे आहेत. मठाच्या कोठाराची जबाबदारी असणाऱ्याने तिथली सारी भांडी आणि वस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारख्या मानाव्यात, असे ते ३१व्या प्रकरणात सांगतात. साधी बादली आणि फावडेही पवित्र! ३५व्या प्रकरणात स्वयंपाकघरातील पाळीचा नियम आहे. आजारी किंवा दुसऱ्या महत्त्वाच्या कामात असलेल्यांना सोडून सर्वांनी आळीपाळीने एकमेकांची सेवा करायची. आठवडा संपला की शनिवारी साफसफाई करायची, टॉवेल धुवायचे आणि भांडी स्वच्छ, धडधाकट अवस्थेत परत करायची.

पण बेनेडिक्ट यांचे मोठेपण पुढे आहे. जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते हे काम खिन्न मनाने करणार नाहीत, असे त्यांनी लिहून ठेवले. कोठारप्रमुखालाही गरज असेल तर मदतनीस द्यावेत, म्हणजे त्याचे मन शांत राहील. वस्तू मागायच्या आणि द्यायच्या त्या ठरल्या वेळी, म्हणजे देवाच्या घरात कोणी अस्वस्थ किंवा दुःखी होणार नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा संत नीटनेटकेपणाचा नियम करताना प्रत्येक वेळी माणसाच्या मनाची चौकशी करतो. शिस्त कशासाठी? तर घरात कोणी खिन्न होऊ नये यासाठी. ज्या शिस्तीमुळे घर खिन्न होते, ती शिस्त वाट चुकलेली आहे.

हे काम कोणाचे?

आपल्याकडे घर आवरलेले नसले की बोल बाईला लागतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींमध्ये घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचा ९७ मिनिटे. हे आकडे वाचून मी मान खाली घातली. आमच्या घरी मी ९७ मिनिटेही देत नव्हतो. फक्त पसाऱ्याची तक्रार करण्याचे काम तेवढे माझ्याकडे होते!

झाडू हातात घेतल्याने पुरुषाची प्रतिष्ठा कमी होत नाही. आपल्या महाराष्ट्रात गाडगे महाराज (१८७६-१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडत. लोकांचा त्यांच्या कीर्तनावर विश्वास बसला, कारण दिवसा खराटा त्यांच्या स्वतःच्या हातात असे. आविलाच्या संत तेरेजा यांनीही आपल्या भगिनींना समजावले होते की आज्ञेनुसार स्वयंपाकघरात काम करावे लागले तरी खंत करू नये, प्रभू तिथे भांड्यांमध्येही असतो. तो जर तिथे असेल, तर घरातल्या पुरुषांनीही त्याला भेटायला अधूनमधून मोरीपाशी जावे.

आपण काय करू शकतो?

आमच्या घरी ज्यांचा उपयोग झाला अशा काही साध्या गोष्टी सांगतो.

१. आधी विचारपूस, मग आवराआवर. घरात पसारा वाढलेला दिसला की "हे काय?" असे विचारण्याऐवजी "तू बरी आहेस ना?" असे विचारावे. उत्तर ऐकायला खाली बसावे.

२. लहानशी सुरुवात. संपूर्ण घर एका दिवसात आवरायला घेऊ नये. एक खण, एक टेबल, एक खुर्ची पुरे. खचलेल्या माणसाला झेपेल एवढे एकच छोटे काम देऊन हळूहळू उभारी आणण्याची पद्धत मानसोपचारातही वापरतात. माझी पत्नी बरी होत होती तेव्हा तिने पहिले काम ठरवले ते वेदीवरची फुले बदलण्याचे. कित्येक दिवस ती तेवढेच करत होती. समुपदेशकांनी सांगितले, "आज तेवढं पुरे."

३. सर्वांची दहा मिनिटे. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की घरातल्या प्रत्येकाने दहा मिनिटे आपापल्या वस्तू जागेवर ठेवाव्यात. टीव्ही आणि मोबाईल बंद. मग रोझरीला बसावे. चार माणसांची दहा मिनिटे म्हणजे एकट्या आईची चाळीस मिनिटे वाचली.

४. वस्तू देण्याची सवय. न वापरलेले, चांगल्या स्थितीतले कपडे आणि भांडी नाताळआधी गरजूंना द्यावीत. फाटके-तुटके देऊ नये, ते दान होत नाही. वडीलधाऱ्यांच्या वस्तूंना मात्र त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. त्या वस्तूची गोष्ट त्यांच्याकडून आधी ऐकून घ्यावी. पुष्कळदा गोष्ट सांगून झाली की ती वस्तू ते आपणहून देतात.

५. मृत व्यक्तीच्या वस्तूंची घाई नको. कोणाची साडी, कोणाचा चष्मा, कोणाची जपमाळ. किती दिवसांत कपाट रिकामे करावे याचा कोणताही नियम नाही. शक्यतो एकट्याने ते काम करू नये.

६. गरज पडली तर मदत मागावी. मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणे हा श्रद्धेचा कमकुवतपणा नव्हे. रक्तदाबाची गोळी घेऊन आपण प्रार्थना करतोच ना? भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

७. शेजाऱ्याच्या घरी निकाल देऊ नये. घरभेटीला गेलो आणि घर विस्कटलेले दिसले, तर ते बाहेर सांगू नये. आठवड्याने पुन्हा जावे. जाताना डब्यात कालवण न्यावे, आणि परत येताना मोरीतली चार भांडी घासून यावे.

शेवटी

आमचे घर आता पूर्वीसारखे टापटिपीचे आहे का, असे कोणी विचारील. पूर्वीइतके नाही. टेबलावर कधी बिले असतात, कधी माझा चष्मा आणि तिचे विणकाम एकमेकांत अडकलेले असते. भांडी रात्रीची मी घासतो. ती मला अजून नीट जमत नाहीत, कढईच्या कडेला तेलकट राहते. पत्नी ती पाहते, हसते आणि सकाळी मला न सांगता पुन्हा घासते. मला ते कळते, पण मीही काही बोलत नाही. रात्री तिला झोप लागते. आमच्या दृष्टीने घर आवरलेले आहे.

या नाताळला आपण सर्वांनी घर जरूर झाडावे, रंगवावे, सजवावे. पण त्या शुभवर्तमानातल्या बाईसारखे, दिवा लावून. कोणास ठाऊक, माळ्यावरचे गोठ्याचे खोके शोधता शोधता आपल्याच घरातले हरवलेले माणूस आपल्याला सापडेल!

कुटुंबात एकत्र बसून विचार करण्यासाठी

१. आपल्या घरात आवराआवरीवरून सर्वांत जास्त भांडण कोणत्या वेळी होते? त्या वेळी खरे दुखणे कशाचे असते?

२. गेल्या सहा महिन्यांत आपल्या घरातील कोणाच्या वागण्यात, झोपेत, जेवणात किंवा टापटिपीत बदल झाला आहे का? आपण त्यांच्याशी त्याबद्दल बोललो का?

३. घरातील कोणती कामे एकाच व्यक्तीवर पडतात? त्यांतले एक काम या आठवड्यापासून दुसरे कोण घेईल?

या आठवड्याचा संकल्प : घरातील एका व्यक्तीजवळ, हातातले काम बाजूला ठेवून, पंधरा मिनिटे शांत बसेन. तिने सांगितलेले ऐकेन. त्यानंतर तिच्यासोबत घरातील एक कोपरा आवरेन.